दोन रात्रींची रजा

वाचकहो, भिवंडीत राहणाऱ्या माणसाला आग्रा रोडचे अप्रूप नाही. आमच्या गावाला लागूनच तो जातो. रांजनोली नाक्यावर कंटेनरांच्या रांगेत अडकून पडणे हा आम्हा सर्वांचा नित्याचा अनुभव आहे आणि त्या रांगेत बसल्याबसल्या या रस्त्याला नावे ठेवणे हा नित्याचा विरंगुळा. हाच रस्ता पुढे पडघा, शहापूर, कसारा ओलांडून घाट चढतो आणि साधारण तीन तासांत गोदावरीच्या काठी नेऊन सोडतो. हे मला ठाऊक होते, पण तीस वर्षांच्या दवाखान्याच्या धबडग्यात त्याचा उपयोग करून घ्यावा असे कधी मनात आले नाही. गेल्या जानेवारीत, पत्नीच्या पंचावन्नाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, ते प्रथम मनात आले. त्या दोन रात्रींच्या प्रवासाची हकीकत आज आपल्याला सांगतो. तीत फजिती माझीच आहे. परंतु ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेले कोणी आहे आणि ज्यांच्या खांद्यावर त्या माणसाची शुश्रूषा आहे, त्यांच्या उपयोगाचे काही तीत निश्चित सापडेल.

घंटेचा आवाज

माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे. चार वर्षांपूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही जवळजवळ गेली. 'हो', 'नको', 'पाणी', 'जा' असे चार-सहा शब्द तेवढे मागे राहिले. बाकीचे सगळे ती डोळ्यांनी आणि डाव्या हाताने बोलते. त्या हाताशी आम्ही देवघरातली पितळेची लहान घंटा ठेवली आहे.

आमच्या घरामागच्या गल्लीत यंत्रमागांचे कारखाने आहेत. त्यांची खटखट दिवसरात्र चालू असते. त्या आवाजात वर्षानुवर्षे उभे राहून ज्यांचे कान मंद झाले, असे कितीतरी कारागीर माझे रुग्ण आहेत. मला स्वतःला त्या खटखटीत रात्री घंटा ऐकू येत नाही. पत्नीला येते. घंटा वाजली नाही तरी ती दर दोन तासांनी उठते, कारण पडून असलेल्या माणसाची कूस बदलली नाही तर एकाच जागी दाब येऊन कातडीला जखमा होतात. हे तिला मीच शिकवले होते. शिकवून मी झोपी गेलो आणि ती चार वर्षे उठत राहिली.

या चार वर्षांत तिने एकही रात्र घराबाहेर काढली नाही. ठाण्यात भाच्याचे लग्न झाले, तेव्हाही पंगत आटोपताच ती परतली. दवाखान्यात मात्र येणारे-जाणारे मला म्हणत, "डॉक्टर, आईची फार सेवा करता हो तुम्ही." मी हसून मान डोलावत असे. हे वाक्य कृपया लक्षात ठेवा. नाशिकच्या डोंगरावर ते मला पुन्हा भेटले.

कागदावर काय नव्हते

वाढदिवसाला तिला न सांगता बाहेरगावी न्यायचे, असे मी ठरवले. नाशिक निवडण्यामागे दोन कारणे होती. घरी काही कमीजास्त झाले तर तीन तासांत परत पोहोचता येते, हे पहिले. दुसरे असे, की पत्नीने नाशिक म्हटले तर पाहिले होते आणि म्हटले तर मुळीच पाहिले नव्हते. अकरा वर्षांपूर्वी माझ्या वडिलांच्या अस्थी घेऊन आम्ही रामकुंडावर गेलो होतो. विधी झाला आणि त्याच पावली परतलो. कितीतरी मराठी घरांची नाशिकशी ओळख अशीच, अर्ध्या दिवसाची आणि ओल्या डोळ्यांची असते. त्या अर्थाने ते शहर तिला नवेच होते.

डोंबिवलीच्या धाकट्या बहिणीला मी दोन रात्रींसाठी बोलावून घेतले. दिवसा येणाऱ्या मदतनीस मावशींना रात्रीही थांबायला सांगितले. आईच्या औषधांचा तक्ता सुवाच्य अक्षरात लिहिला: गोळीचे नाव, मात्रा, वेळ. बॅगही मीच भरली. आईला मात्र आदल्या रात्री सगळे सांगितले. तिचे डोळे एकदम उजळले, आणि या कटात एक भरवशाचा साथीदार मिळाल्याचा मला आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, निघायच्या तासभर आधी, मी पत्नीला ही बातमी सांगितली. ती आनंदेल अशी माझी अपेक्षा होती. तिचा चेहरा उतरला.

"अहो, आईंना दुपारचं कोण भरवणार?"

"ताई भरवेल की. सगळं लिहून ठेवलंय."

तिने माझा तक्ता हातात घेतला, शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाली, "हा गोळ्यांचा कागद झाला. यात आई कुठे आहेत?"

खरोखरच त्यात आई नव्हती. पातळ पाणी प्यायले की आईला ठसका लागतो, म्हणून पेयाला दाटपणा आणूनच चमच्याने द्यावे लागते, हे त्यात नव्हते. घास डाव्या बाजूने, हनुवटी किंचित खाली करून द्यायचा. जेवण झाल्यावर उजव्या गालात अन्न साठून राहिले आहे का ते बोटाने पाहायचे. त्यानंतर अर्धा तास तिला टेकून बसतेच ठेवायचे, हेही नव्हते. कुशीवर निजवताना दोन गुडघ्यांमध्ये उशी हवी आणि टाचा गादीला टेकता कामा नयेत, हे नव्हते. कोणती गोळी कुटून चालते आणि कोणती मुळीच कुटायची नाही, हे पत्नीने मला विचारून चार वर्षांपूर्वीच मनात पक्के केले होते. तेही मी लिहिले नव्हते. पक्षाघाताच्या रुग्णाच्या श्वासनलिकेत अन्न गेल्याने न्यूमोनिया होऊ शकतो, हे मी इतरांना बजावून सांगतो. माझ्याच घरच्या कागदावर मी ते विसरलो होतो.

उरलेला तास पत्नीने बहिणीजवळ बसून काढला. ती सांगत गेली आणि बहीण वहीत लिहीत गेली. दोन पाने भरली. तरीही पत्नी उठेना. तेव्हा आईने डावा हात उचलला, दाराकडे केला आणि म्हणाली, "जा."

आईचा रागाचा 'जा' वेगळा आणि मायेचा 'जा' वेगळा. दोहोंतला फरक पत्नीइतका कोणालाच कळत नाही. तिने आईच्या केसांवरून हात फिरवला आणि पर्स उचलली.

जुन्या रस्त्याने

समृद्धी महामार्गाचे एक टोक आमच्याच तालुक्यातील आमणे येथे आहे. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा, ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा तो रस्ता नागपूरपर्यंत पूर्ण झाला. त्या मार्गाने आम्ही लवकर पोहोचलो असतो. परंतु वयस्कर किंवा थकलेल्या माणसाला घेऊन निघताना किती वेगाने जातो यापेक्षा कोठे थांबता येते हे महत्त्वाचे असते. जुन्या आग्रा रोडवर चहा मिळतो, पाय मोकळे करता येतात आणि अडचण आली तर गाव जवळ असते. म्हणून मी जुना रस्ता धरला.

शहापूरला पहिला थांबा घेतला, घाट चढल्यावर इगतपुरीला दुसरा. तासन् तास पाय लोंबकळत ठेवून बसले की पोटऱ्यांतील रक्त साकळण्याचा धोका वाढतो. म्हणून दीड-दोन तासांनी उतरून पाच मिनिटे चालावे आणि बसल्या जागीही घोटे वर-खाली हलवत राहावे. लघवीला जावे लागेल म्हणून पाणी न पिणे ही आपल्याकडच्या स्त्रियांची जुनी सवय. तीही प्रवासात घातकच.

पत्नी प्रत्येक थांब्यावर घरी फोन करीत होती. जेवल्या का? गाल पाहिला का? बसवून ठेवलंय ना? घोटीजवळ तिसरा फोन झाला, तेव्हा बहीण म्हणाली, "वहिनी, आई शांत झोपल्यात. आता संध्याकाळीच फोन करा." त्यानंतर तिने प्रथमच खिडकीबाहेर पाहिले. आमचे भिवंडी जवळजवळ समुद्रसपाटीला. नाशिक सुमारे सहाशे मीटर उंचीवर. जानेवारीत तेथील रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. हवेतला तो कोरडा गारवा अंगाला लागला आणि तिने विचारले, "माझा स्वेटर घेतलात ना?"

मी पैठणी घेतली होती. स्वेटर नाही, चालायचे बूट नाहीत आणि तिचा वाचायचा चष्माही नाही. मेन रोडवरच्या एका दुकानात स्वेटर आणि बूट घेतले. दुकानातून बाहेर पडताना ती हसली. "पैठणी नेसून, चष्म्याशिवाय, थंडीत कुडकुडत वाढदिवस करायचा होता होय तुम्हाला?" त्या दिवसातले तिचे ते पहिले हसू.

संध्याकाळी आम्ही गोदाकाठी गेलो. रामकुंडाजवळ पायऱ्या ओल्या असतात. तेथे हात धरून चालावे आणि वयस्करांनी पाण्याच्या अगदी काठापर्यंत न जाता वरच्या बाजूला बसावे. तेथून पंचवटीत काळाराम मंदिरात गेलो. काळ्या दगडात उभारलेले हे पेशवेकालीन मंदिर. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली याच दाराशी प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो पाच वर्षे चालला. ज्या दाराशी माणसांना माणूस म्हणून आत येण्यासाठी एवढे तिष्ठावे लागले, त्या दाराशी आम्ही दोघे बराच वेळ उभे होतो. पत्नी म्हणाली, "त्या वेळी आलो तेव्हा यातलं काहीच दिसलं नव्हतं."

रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली. पत्नी पलंगाच्या कडेला उभी राहून अंधारात हात पुढे करून काहीतरी चाचपत होती. मी दिवा लावला. क्षणभर ती गोंधळली आणि म्हणाली, "आईंची कूस..." मग भानावर येऊन पलंगावर बसली. खोलीत विलक्षण शांतता होती. यंत्रमाग नाहीत, कंटेनर नाहीत. "रात्री इतकं शांत असतं होय?" असे पुटपुटत ती आडवी झाली आणि सकाळी साडेसातपर्यंत उठली नाही. सलग पाच तासांची झोप तिला चार वर्षांनी मिळाली होती.

लेणे क्रमांक तीन

वाढदिवसाच्या सकाळी आम्ही पांडवलेणी पाहायला गेलो. नाव पांडवांचे असले तरी ही बौद्ध लेणी आहेत; जुने नाव त्रिरश्मी. मुंबईहून येताना शहरात शिरण्याआधी उजव्या हाताला तो डोंगर दिसतो. सातवाहन आणि क्षत्रप राजांच्या काळापासून, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपासून, खोदली गेलेली चोवीस लेणी त्याच्या कुशीत आहेत. वर जायला दोनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. उन्हे तापण्यापूर्वी निघावे, वीस-पंचवीस पायऱ्यांनी थांबावे आणि बोलताना धाप लागू लागली तर बसावे. ज्यांचे गुडघे किंवा हृदय दुखणाईत आहे, त्यांनी पायथ्याशीच थांबावे. डोंगर खालूनही सुंदर दिसतो.

तिसऱ्या क्रमांकाचे लेणे भव्य आहे. दर्शनी भागात खाली कोरलेले यक्ष आपल्या खांद्यांवर सगळ्या लेण्याचा भार तोलून उभे आहेत. आत भिंतीवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत एक मोठा शिलालेख आहे. गौतमी बलश्री या राजमातेने, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी, हे लेणे भिक्षुसंघाला दान दिल्याचा तो लेख. त्यात तिने आपल्या दिवंगत मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, मोठे गुणवर्णन केले आहे. त्याच्या पराक्रमाबरोबर तो आईची अखंड सेवा करणारा होता, हेही तीत आवर्जून नोंदले आहे.

मी मोठ्या उत्साहाने हे पत्नीला सांगितले. आईने मुलाची आठवण दगडात कोरून ठेवली, या कल्पनेने मला गहिवरून आले होते. तिने सगळे ऐकून घेतले आणि सहज विचारले, "राजाच्या घरीही सून असेल ना हो?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. दवाखान्यातले ते वाक्य मला आठवले: आईची फार सेवा करता हो तुम्ही. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आले, की सून होती. तिची खूण त्याच लेखात आहे, पण तिच्या मुलाच्या नावाच्या आत. पुळुमावी हा वासिष्ठीचा पुत्र. सासूबाईंची अखंड सेवा तिने केली की दासींनी, याविषयी दगड काही बोलत नाही. सेवा करणाऱ्याचे नाव आणि सेवेचे श्रेय घेणाऱ्याचे नाव वेगळे असू शकते, एवढे मात्र मला त्या भिंतीसमोर उभे राहून कळले.

दिव्याखालचा अंधार

डोंगर उतरताना पत्नी म्हणाली, "मान आणि डोकं जरा जड झालंय." मी झोप, उन्हे, चढ अशी कारणे देऊ लागलो आणि मध्येच थांबलो. तिचा रक्तदाब मी शेवटचा कधी मोजला होता? आठवेना. दिवसाला पन्नास जणांचा मोजणाऱ्या माणसाला घरातल्या एका माणसाचा आठवेना.

हॉटेलवर आल्यावर तिला खुर्चीत पाठ टेकवून बसवले. पाय जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या पातळीत. पाच मिनिटे न बोलता विश्रांती. त्याआधी अर्धा तास चहा नाही. मग गाडीतले यंत्र आणून मोजला: १७२/१०४. दोन मिनिटांनी पुन्हा: १६८/१०२. संध्याकाळी विश्रांतीनंतर: १६४/९८.

वाचकहो, येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. तिचे डोके रक्तदाबामुळेच जड झाले, असे मी म्हणणार नाही. उच्च रक्तदाबाला बहुधा लक्षण नसते. म्हणून तर तो वर्षानुवर्षे मुकाट्याने रक्तवाहिन्या, हृदय आणि मूत्रपिंडे पोखरतो. आईला झटका आला त्यामागेही तोच होता. डोके जड झाले म्हणून मोजला गेला, एवढेच. न मोजता आणखी दोन वर्षे गेली असती, तर ज्या पलंगाजवळ ती रात्री उठते त्याच्या शेजारी दुसरा पलंग लागला असता.

आकडा १८०/१२० च्या खाली होता. छातीत दुखणे, धाप, दृष्टीत फरक, बोलण्यात अडखळणे, हातापायातली शक्ती कमी होणे यांपैकी काही नव्हते. यांतले काहीही असते तर थेट रुग्णालय गाठावे लागले असते. तसे नसल्याने आम्ही मुक्काम आवरता घेतला नाही. विश्रांती घेतली. सकाळी मिसळीबरोबर खाल्लेल्या पापडाकडे आणि फरसाणाकडे मात्र आता मी वेगळ्या नजरेने पाहिले. मीठ असे चोरपावलांनी येते. रात्री साधे वरणभात जेवलो. बहिणीने फोन आईच्या कानाशी धरला. "आई, मी उद्या येते," पत्नी म्हणाली. पलीकडून घंटा वाजली आणि "हो" ऐकू आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी शहराच्या पश्चिमेला गंगापूर धरणाकडे गेलो. गोदावरीवरचे हे मातीचे धरण. जलाशयाच्या बाजूने सपाटीवर थोडे चाललो आणि बराच वेळ नुसते पाण्याकडे पाहत बसलो. या प्रवासातली सर्वांत चांगली घटका तीच होती, असे पत्नी आजही सांगते. तेथे पाहण्यासारखे, करण्यासारखे काही नव्हते, आणि म्हणूनच.

दुपारी घरी पोहोचलो. हातपाय धुऊन पत्नी आईजवळ गेली आणि पाचव्या मिनिटाला तिने आईच्या उजव्या टाचेवरचा लालसर डाग मला दाखवला. बोटाने दाबल्यावर तो फिका पडत होता, म्हणजे कातडी अजून शाबूत होती. मी पाहिला नव्हता, बहिणीच्याही ध्यानात आला नव्हता. पोटरीखाली उशी सरकवून टाच अधांतरी ठेवली आणि दोन दिवसांत तो गेला. पत्नी बहिणीवर रागावली नाही. "वहीत टाचेचं मी एकाच ओळीत लिहायला सांगितलं होतं," म्हणाली आणि त्या ओळीखाली आणखी दोन ओळी लिहिल्या. रजेची थोडी किंमत पडते, हे मी लपवणार नाही. रजा न घेण्याची किंमत १७२/१०४ होती, हेही लपवणार नाही.

आपण जाणार असाल तर

आपल्या माणसाला वाढदिवसाला असे अचानक न्यावे, असे आपल्याही मनात असेल. जरूर न्या. पण शुश्रूषा करणाऱ्यापासून शहराचे नाव लपवावे. घर सोडायचे आहे हे लपवू नये. निदान पंधरा दिवस आधी तिला किंवा त्याला सांगा, की अमुक दोन रात्री तुमची रजा आहे. त्या पंधरवड्यात जो माणूस बदली येणार आहे, त्याने दोन-तीन दिवस येऊन तिच्या देखत भरवावे, कूस बदलावी, तोंड स्वच्छ करावे. वाचून कळते त्यापेक्षा हे पाहून कळते.

वही रोज शुश्रूषा करणाऱ्यानेच सांगावी. डॉक्टरने किंवा कर्त्या पुरुषाने स्वतःच्या मनाने लिहू नये. तिच्यात औषधांइतकेच सवयींनाही स्थान हवे: कोणत्या कुशीवर झोप लागते, कोणता आवाज दुखण्याचा आणि कोणता कंटाळ्याचा. शेवटच्या पानावर नेहमीचे डॉक्टर, जवळचे रुग्णालय आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक मोठ्या अक्षरात लिहावा.

पहिल्या खेपेला तीन-चार तासांत परतता येईल असेच शहर निवडा. खोली तळमजल्यावर किंवा लिफ्टजवळ, कमोड असलेली आणि रात्री मंद दिवा ठेवता येईल अशी मागून घ्या. परक्या खोलीत रात्री न्हाणीघराकडे जाताना पडणे हा वयस्करांच्या प्रवासातला मोठा धोका आहे. स्वतःची औषधे दोन दिवस जादा आणि हातातल्या पिशवीत ठेवावीत. इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत राहू देऊ नये. लघवी वाढवणारी गोळी प्रवासाच्या दिवशी केव्हा घ्यावी, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारावे. नाशिकलाच जाणार असाल तर एक सूचना: २०२७ च्या पावसाळ्यात सिंहस्थाची मुख्य स्नाने आहेत. त्या गर्दीत निवांतपणा मिळणार नाही, हिवाळा निवडा. आणि बॅग ज्याची त्याला भरू द्या.

निघण्यापूर्वी दोघांचाही रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. जो सेवा करतो, त्याच्या नावाचा केसपेपर घरात बहुधा नसतो. तो काढा. परतल्यावर मी पत्नीला कल्याणच्या एका सहकारी डॉक्टरांकडे नेले. तिचा डॉक्टर व्हायचे नाही, हे मी ठरवले आहे. नवरा म्हणून दर आठवड्याला रक्तदाब मोजून वहीत लिहिण्याचे काम तेवढे माझ्याकडे आहे. रक्त, लघवी, हृदयाचा आलेख असे सगळे तपासले. एक गोळी, कमी मीठ आणि पुरेशी झोप यांवर तिचा रक्तदाब आता आटोक्यात आहे. रात्री दोनची कूस मी बदलतो. घंटा मला अजूनही ऐकू येत नाही, म्हणून गजर लावतो. दर तीन महिन्यांनी बहीण दोन रात्री येऊन राहते. पुढचे गाव पत्नी स्वतः ठरवणार आहे.

शेवटचे चार शब्द ज्यांची सेवा केली जाते, त्या वडीलधाऱ्या वाचकांसाठी. आपली सून, मुलगी, मुलगा किंवा वृद्ध जोडीदार आपल्याजवळून हलायला तयार नसतो. कारण आपण नाराज व्हाल, अशी त्याला धास्ती असते. आम्ही कितीही तक्ते लिहिले तरी ती धास्ती आमच्याने दूर होत नाही. ती फक्त आपणच दूर करू शकता. माझ्या आईजवळ चार-सहाच शब्द उरले आहेत, आणि त्यांतला एक तिने त्या सकाळी सुनेच्या स्वाधीन केला. आपल्याजवळ तर शब्द पुष्कळ आहेत. हात दाराकडे करा आणि मायेने म्हणा, "जा."

आणि हो, दवाखान्यात कोणी "आईची फार सेवा करता हो तुम्ही" असे म्हटले, की मी आता पत्नीचे नाव सांगतो.